शेरा : कठीण खडक

मुहर्रकच्या जुन्या कबरस्तानाच्या भिंतीलगत
तिपाई रोवली तेव्हा सव्वापाच झाले होते.
ऊन अजून पोरवयात होतं.
सांडपाण्याची नवी वाहिनी इथून जायची,
नकाशावर निळी, सरळ,
कुणाच्या बापाची भीड न ठेवता.

तिसऱ्या खड्ड्यात जेसीबी थांबला.
मुश्ताक खाली उतरला, हेल्मेट काढलं,
न बोलता हाताने मला बोलावलं.
हाडं. एकाची नव्हेत.
आडवी, तिरकी, एकमेकांच्या कुशीत शिरलेली,
थंडीत एका वाकळेखाली भावंडं निजतात तशी.
त्यांत एक जबडा, चिमटीत मावेल एवढा,
दुधाच्या दातांचा.

रखवालदार बू मरहून काठी टेकत आला,
ऐंशीच्या पुढचा, एका डोळ्यात फूल पडलेलं.
"सनत अर-रहमा," म्हणाला. रहमतीचं साल.
एकोणीसशे अठरा, मी मनात हिशेब केला.

त्याच्या आजोबाने त्याला सांगितलेलं :
मोत्यांच्या होड्या नुकत्याच परतल्या होत्या.
श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी जाणारे पुरुष,
आणि कोरड्या जमिनीवर त्यांनाच श्वास पुरेना.
दारं उतरवून त्यांवरून माणसं नेली,
मग दारंही संपली.
रोज पहाटे एक पोरगा गच्चीवर चढायचा
आणि ज्या घरांतून धूर निघाला नाही
ती बोटांवर मोजून खाली सांगायचा.
नवव्या दिवशी तो चढला नाही.
धूर मोजायचं काम दुसऱ्या पोराकडे गेलं.
आजोबा म्हणजे तो दुसरा.

"यात रहमत कसली?" माझ्या मोडक्या अरबीत मी.
"इतक्यांसाठी इतक्यांदा तोच शब्द मागितला,
सालालाच चिकटला."

आमच्याकडे त्याच सालाला मानमोडी म्हणत.
माझ्या खापरपणजीचं नाव कुणालाच ठाऊक नाही,
'मानमोडीत गेली ती', एवढंच.
समुद्र एकच. या काठाला दया,
त्या काठाला मोडलेली मान.
कोण जाणे, एकाच गलबतातून आली असेल,
तांदळाच्या गोणीवर पाय सोडून बसून.

आणि आमचं साल?
त्याला नाव पडलंच नाही. नुसता आकडा,
खोलीच्या नंबरासारखा.
सलमाबादचा कॅम्प, खोली चौदा, आठ बंक.
वरच्या बंकवरचा परशुराम गुरव, पालशेतचा,
एका रात्री पांढऱ्या पोशाखातल्या लोकांबरोबर
चपला न घालता गेला.
फोन उशीखाली राहिला.
साडेचारचा गजर तीन पहाटे वाजला,
गजरात कोंबडा आरवायचा, अगदी गावठी.
आम्ही सात जण, सातही जागे,
कुणी हात लावला नाही.
चौथ्या पहाटे बॅटरी संपली होती.
हॉस्पिटलातून निरोप आला तो दुपारी.
त्याआधीच कुणीतरी त्याच्या चपला
भिंतीशी नीट जोडून ठेवल्या होत्या.

त्याची रक्षा दूध पावडरीच्या डब्यात
पाच महिने माझ्या कपाटात होती,
तिकीट मिळेपर्यंत.
चहा करताना मी कपाटाकडे पाठ करायचो.
उगाच. तो काही साखर जास्त झाली म्हणणार नव्हता.

मुश्ताकने फातिहा पढला.
मला येत नव्हता, मी नुसता उभा राहिलो.
मग आम्ही माती परत लोटली, हातांनी.
नखांत चुनखडी गेली, दोन दिवस निघाली नाही.

संध्याकाळी ऑफिसात निळी रेघ
दोन मीटर चाळीस पूर्वेला सरकवली.
दोन वळणं वाढली, तीन चेंबर जादा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : कठीण खडक.

साहेबांनी चष्मा वर केला.
"मुहर्रकमध्ये? तिथे तर भुसभुशीत वाळू आहे."
"आहे साहेब," मी म्हटलं.
"मी हात लावून पाहिलाय."